गाडीतली आपत्काळची पिशवी
(मंडळाच्या वार्षिक सभेत केलेले भाषण)



मोटारगाड्या हा काही माझा विषय नव्हे. आपल्या कार्यकारिणीपुढे यंदा एक सूचना आली. वर्धापनदिनानिमित्त प्रत्येक सभासद भगिनीला भेट म्हणून गाडीत ठेवायची एकेक तयार पिशवी द्यावी, अशी ती सूचना. हल्ली आपल्या घरोघरी गाडी आहे, पुष्कळ जणी स्वतः चालवतात, लेकीसुना तर नागपूर ते पुणे जाऊन येतात. तेव्हा डबे, पातेली, पर्सा देण्यापेक्षा हे बरे, असा विचार. विचार चांगलाच आहे. घाऊक घेतली तर पिशवी साडेआठशेला पडते. नमुनाही आला. लाल रंगाची, चमकदार पट्ट्यांची, आत बावीस वस्तू. चिटणीसबाई मला म्हणाल्या, "तुमच्याकडे तसलीच आहे ना? मग तुम्हीच सांगा, घ्यावी की नाही." म्हणून मी उभी आहे, एरवी माझी मजल लोणच्यावर बोलण्यापर्यंतच.

माझ्याकडे होती, हे खरे. फोनवरून मागवली होती. दोन वर्षे ती डिकीत होती आणि तेवढे दिवस मला फार बरे वाटत होते. सून गाडी घेऊन वर्ध्याला जाई, तिचे माहेर तिकडचे, निघताना मी विचारी, "पिशवी आहे ना?" ती म्हणे, "आहे हो आई." एवढ्यावर आमचे दोघींचे समाधान. दोन वर्षांत ती पिशवी आम्ही एकदाही उघडली नाही. तिची चेनसुद्धा नवी करकरीत होती.

गेल्या मे महिन्यात वर्ध्याहून परत येताना केळझर मागे पडले, सेलडोह यायचे होते, आणि मागचे चाक बसले. दिवेलागणीची वेळ. गाडीत सून, मी आणि सात वर्षांची नात. सूनबाईने गाडी कडेला घेतली, पण पुरती नाही. उजवी चाके पांढऱ्या रेघेवरच होती. आता पिशवी उघडली. त्रिकोण काढला, तो जोडायलाच पाच मिनिटे लागली. उभा केला आणि पहिला ट्रक गेला तशी त्याच्या वाऱ्याने तो आडवा झाला. पुन्हा उभा केला, पुन्हा आडवा. मग हवा भरायचा पंप लावला. घरघर केली, एक चटका दिल्यासारखा वास आला आणि तो थांबला तो थांबलाच. मग पाना घेतला. चाकाचे चार नट. सुनेने जोर लावला, मी लावला, दोघींनी मिळून लावला. नट हलला नाही; पाना मात्र वाकला. भगिनींनो, लोखंड वाकताना मी डोळ्यांनी पाहिले. ते लोखंड तरी होते की काय, कोण जाणे.

आम्ही दोघी रस्त्याकडे पाठ करून चाकाशी वाकलेल्या, नात आत बसलेली, आणि बाजूने गाड्या सुसाट चाललेल्या. आज आठवले की अंगावर काटा येतो. तेव्हा मात्र आम्हाला त्या नटाचाच राग आलेला होता; जिवाचे भान कुणाला होते?

एक ट्रक पुढे जाऊन थांबला. त्यातून एक उतारवयाचे गृहस्थ आले. त्यांनी चाक पाहिले नाही, नट पाहिला नाही, पहिल्याने म्हणाले, "माय, पह्यले रोडावरून बाजूले व्हा. लेकराले बी घ्या." आम्हाला तिघींना त्यांनी पार खाली, शेताच्या बांधापाशी उभे केले. मग आमचा पाना हातात घेऊन हसले. "हा पाना नोय माय, चमचा हाय." त्यांनी आपल्या ट्रकमधला पाना आणि एक हातभर लोखंडी नळी आणली, नळी पान्याच्या दांड्यावर चढवली, आणि एका पायाच्या दाबात कट्‌ असा आवाज येऊन नट सुटला. चारही नट सुटायला मिनिटभर लागला नसेल. पैसे घेतले नाहीत. पाण्याची बाटली घेतली.

घरी आल्यावर मी ती पिशवी जेवणाच्या टेबलावर उलटी केली. पुढे जे सांगते ते त्या रात्रीनंतर मी ज्यांना ज्यांना विचारले त्यांच्याकडून कळलेले: आमचे नेहमीचे गॅरेजवाले, टायरवाले आणि शेजारचे निवृत्त इंजिनियर काका.

नटापासून सांगते, कारण तिथेच आमचे अडले. टायरच्या दुकानात हल्ली हवेच्या बंदुकीने नट आवळतात. ते इतके घट्ट बसतात की हाताने सुटणे कठीण. इथे दोष आपल्या मनगटाचा नसतो, दांडा आखूड असतो. जात्याचा खुंटा मधोमध ठोकला तर दळण होईल का? तो कडेला असतो, म्हणूनच एवढा दगड बाईच्या हाताने फिरतो. पान्याचा दांडा दुप्पट लांब केला की जोर निम्मा पुरतो. पिशवीतला पाना वीतभर होता, हातभर हवा. आणि नट गाडी जॅकवर चढवण्यापूर्वी, चाक जमिनीवर असतानाच सैल करायचे, नाही तर चाकच फिरत राहते. लांब दांड्याचा चांगला पाना सुटा विकत मिळतो. आपल्या नटाच्या मापाचा आहे ना, एवढे लावून पाहून घ्यावा. जॅक गाडीबरोबर बहुधा आलेलाच असतो. पिशवीतला दुसरा जॅक नकोच. गाडीखाली हलका जॅक म्हणजे विषाची परीक्षा.

पण त्याही आधी एक प्रश्न आहे. आपल्या गाडीत स्टेपनी आहे का? हसू नका. २०२० साली मोटार वाहन नियमांत बदल झाला. टायरमधली हवा कमी झाली की इशारा देणारी यंत्रणा आणि पंक्चर बुजवायचे साहित्य गाडीत असेल, तर लहान गाड्यांना जादा चाक देण्याची सक्ती राहिली नाही. तेव्हापासून काही नव्या गाड्या, त्यांत विजेवरच्या पुष्कळ, स्टेपनीवाचून येतात. मग पाना घेऊन काय खोलणार? डिकीतला गालिचा एकदा उचलून पाहावा. जादा चाक असेल तर त्यात हवा आहे का तेही पाहावे; वर्षानुवर्षे कुणी पाहिलेली नसते. ते इतर चाकांपेक्षा बारीक असेल तर त्यावर ताशी ८० किलोमीटरचा आकडा छापलेला असतो. त्या चाकावर फक्त टायरवाल्यापर्यंत जायचे, पुण्यापर्यंत नव्हे.

जाता जाता, हा स्टेपनी शब्द मोठा गमतीचा. वेल्समधल्या लनेथली गावी स्टेपनी नावाचा रस्ता आहे. तिथल्या डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास जादा चाकाचा धंदा काढला आणि त्याला रस्त्याचे नाव दिले. इंग्रजांच्या बोलण्यातून तो शब्द केव्हाच गेला. आपल्या टायरवाल्याने मात्र अजून जपून ठेवला आहे.

आता त्या जाड लाल-काळ्या तारा. बॅटरी बसली की दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून आपली गाडी सुरू करायच्या. पिशवीतल्या तारा चांगल्या करंगळीएवढ्या जाड दिसत होत्या आणि वर ५०० अँपिअर असे छापलेले. काकांनी एक तार सुरीने कापली. सगळी जाडी रबराची. आत उदबत्तीच्या काडीएवढी तार, तीही तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची. इंजिन फिरवायला लहान गाडीलाही शंभर-दीडशे अँपिअर वीज लागते. बारीक तारेतून ती वाहताना बरीचशी वाटेतच खर्ची पडते, तार तापते, रबर मऊ होते आणि इंजिन नुसते खुक्‌खुक्‌ करते. पेट्रोलच्या लहान गाडीला आत निदान १६ चौरस मिलिमीटर तांबे हवे, डिझेलला २५. दुकानदाराला हा आकडाच विचारावा. अँपिअरचा छापील आकडा विचारू नये. छापायला शाईच लागते.

तारा लावण्याचा क्रम मी कागदावर लिहून त्या तारांनाच बांधून ठेवला आहे, कारण ऐन वेळी आठवत नाही. लाल तार आधी बसलेल्या बॅटरीच्या अधिक खुणेला, मग चांगल्या बॅटरीच्या अधिक खुणेला. काळी तार चांगल्या बॅटरीच्या उणे खुणेला, आणि तिचे शेवटचे टोक बसलेल्या बॅटरीला न लावता त्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीतून निघणारा वायू पेट घेणारा असतो, म्हणून ती बॅटरीपासून दूर उडालेली बरी.

पंपाची हकीकत थोडक्यात. तो वाईट नव्हता, दुबळा होता. फाटलेल्या टायरला कोणताच पंप कामाचा नाही. पण खिळा लागून हळूहळू हवा जात असेल तर चांगला पंप जवळच्या गावापर्यंत पोचवतो. माझ्या मते सगळ्या पिशवीत पैसे घालण्याजोगी वस्तू ती एकच. मात्र ती वेगळी आणि बऱ्यापैकी घ्यावी, आणि घरी एकदा चालवून पाहावी. आमच्या पंपाची तार मागच्या चाकापर्यंत पोचायलाच ताणावी लागली होती. त्या सायंकाळी पोचली, पुढच्या खेपेला चाक दुसऱ्या बाजूचे असले असते तर?

काच फोडायच्या हातोडीबद्दल बोलताना मला जरा जड जाते. १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली बस उलटली आणि पेटली. पंचवीस माणसे गेली. त्यानंतर माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांत ही हातोडी आली. माझ्याही पिशवीत होती. आणि पिशवी कुठे? डिकीत! गाडी उलटली तर डिकीतली हातोडी आपल्याला कोण आणून देणार? ती चालवणाऱ्याच्या हाताशी, दारात किंवा आसनाच्या बाजूला बांधलेली हवी. दुसरे असे की समोरची काच तिने फुटत नाही. ती दोन काचांमध्ये चिकट पापुद्रा घालून केलेली असते, तडकते पण जागची हलत नाही. बाजूची काच बहुधा तापवून कडक केलेली असते. कोपऱ्याशी टोकदार घाव बसला की तिचा चुरा होतो. काही नव्या गाड्यांत बाजूच्या काचाही पापुद्र्याच्या असतात. काचेच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ते इंग्रजीत लिहिलेले असते. आज घरी जाताना वाचा. हातोडीच्या दुसऱ्या टोकाला आसनाचा पट्टा कापायचे पाते असते. माझ्या पात्याने दप्तराचा जुना पट्टा कापून पाहिला. तो कापला गेला नाही, चघळल्यासारखा झाला.

आता आपल्या उन्हाचे पाहा. या पिशव्या जिथे जुळवल्या जातात तिथे नागपूरचा मे महिना कुणी पाहिलेला नसावा. आपल्याकडे पारा ४५-४६ अंशांवर जातो, आणि धंतोलीत किंवा बर्डीवर उन्हात लावलेल्या बंद गाडीत त्याहून कितीतरी अधिक ताप होतो. टायरमध्ये फवारायच्या फेसाच्या डब्यावर लिहिलेले असते की ५० अंशांपुढे ठेवू नये. आणि आपण तो डिकीत ठेवून खुशाल लग्नाला जातो. बॅटरीला जीव देणारी ती नवी चार्जिंगची पेटीही तशीच. तिला उन्हाळ्यात रोज घरात आणावे, नाही तर घेऊ नये. प्रथमोपचाराच्या डबीतल्या चिकटपट्ट्यांचा गोंद वितळून एकमेकींना चिकटला होता, मलमाची मुदत उलटून गेलेली होती. स्वच्छ कापसाची घडी, रुंद पट्टी, कात्री आणि घरातल्या माणसांची रोजची औषधे, एवढे स्वतः बांधावे आणि पोळ्याच्या आगेमागे दरवर्षी बदलावे.

दोर, हातमोजे, पावसाचा कोट, विजेरी, हे सारे ठीक होते. विजेरी तर चांगली निघाली, खोटे कशाला बोलू? पण दोराने गाडी ओढणे हे आपले काम नव्हे. मोठ्या रस्त्यावर तर नाहीच. आणि आपोआप गिअर बदलणारी गाडी तशी ओढली तर तिचे यंत्र बिघडू शकते. त्यासाठी उचलून नेणारी गाडी बोलवावी. नव्या गाडीबरोबर किंवा विम्याबरोबर पुष्कळदा रस्त्यावरची मदत आधीच मिळालेली असते. पैसे आपण भरलेले असतात आणि क्रमांक कागदांच्या गठ्ठ्यात पडून असतो. राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३, रुग्णवाहिकेसाठी १०८, कोणत्याही संकटात ११२. हे सगळे क्रमांक एका पुठ्ठ्यावर लिहून गाडीत लावा, कारण फोनची बॅटरी नेमकी त्याच दिवशी संपते.

आणि त्रिकोण. ही वस्तू मी शेवटी ठेवली, पण खरी मोलाची हीच. नव्या गाडीबरोबर एक त्रिकोण मिळालेला असतो. आमच्याही गाडीत होता, स्टेपनीखाली, प्लास्टिकमध्ये तसाच. तो पिशवीतल्यापेक्षा वजनदार निघाला! त्रिकोण घेताना तळाचे वजन पाहावे आणि पंख्यासमोर उभा करून पाहावा. तो ठेवायचा किती दूर, याचा हिशेब करा. समृद्धीवर मोटारीला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे, म्हणजे एका सेकंदात तेहतीस मीटर. गाडीमागे दहा पावलांवर ठेवलेला त्रिकोण येणाऱ्याला दिसून काय उपयोग? ब्रेकवर पाय जाईपर्यंत तो आपल्यावर आलेला असेल. मोठ्या रस्त्यावर निदान शंभर पावले हवीत, तीही रस्त्याने चालत नव्हे, कठड्यापलीकडून, समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून. तेवढी जागा नसेल, अंधार असेल, पाऊस असेल, तर त्रिकोणही राहू द्या. चारही दिवे लुकलुकते ठेवा, रहदारीच्या बाजूने न उतरता दुसऱ्या बाजूने सगळ्यांना उतरवा, कठड्यापलीकडे जाऊन उभ्या राहा आणि फोन करा.

नागपूर ते शिर्डी समृद्धी ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला आणि ५ जून २०२५ ला तो थेट मुंबईच्या अंगापर्यंत पुरा झाला, ७०१ किलोमीटर. तशा रस्त्यावर चाक बदलण्याचे शौर्य कुणी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पाना उपयोगाचा तो रामटेकच्या, काटोलच्या, उमरेडच्या वाटेवर, जिथे गाडी खरोखर रस्त्याखाली घेता येते. त्या रात्री केळझरपुढे आम्ही केले ते सगळेच चुकीचे होते, आणि पाना पोलादाचा असता तरी चुकीचेच होते. पिशवी होती म्हणून तर आम्ही रस्त्यावर थांबलो. नसती तर मुकाट्याने बांधावर जाऊन फोन केला असता. हे मला सुनेने सांगितले. मला सुचले नव्हते.

कार्यकारिणीतल्या एक भगिनी म्हणाल्या, काहीच नसण्यापेक्षा स्वस्त पिशवी बरी. मला आधी पटले होते. पण पाहा, १८८८ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत बेर्टा बेंझ या बाई नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन, त्याने बनवलेल्या मोटारीतून मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी निघाल्या. शंभरेक किलोमीटर. तेवढे लांब मोटारीने तोवर कुणीच गेले नव्हते. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीच्या पिनेने मोकळी केली. एका तारेला वेष्टण हवे होते, तिथे मोज्याचा बंद वापरला. ब्रेक झिजले तेव्हा एका चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. इंधन औषधाच्या दुकानातून घेतले. त्यांच्यापाशी पिशवी नव्हती. गाडीच्या पोटात काय कुठे आहे हे मात्र त्यांना ठाऊक होते. आपण गाडी चालवतो, पण तिचे बोनेट किती जणींनी स्वतः उघडले आहे? हात वर करा पाहू... पाच. ठीक.

तेव्हा माझे उत्तर असे की मंडळाने ही पिशवी घेऊ नये. बावीस वस्तूंपैकी मोजून चार बऱ्या, आणि त्या चारांतल्या तीन घरात आहेतच. साठ भगिनींचे साडेआठशेप्रमाणे एक्कावन्न हजार होतात. त्याऐवजी मंडळाने दोन लांब दांड्याचे पाने, दोन चांगले पंप, १६ मिलिमीटरच्या तारांची एक जोडी आणि चार वजनदार त्रिकोण विकत घेऊन मंडळाच्या कपाटात ठेवावेत. लांबच्या प्रवासाला निघताना नाव लिहून न्यावेत, आल्यावर परत आणावेत. आपण लग्नाची मोठी पातेली नेतो तसेच. उरलेल्या पैशांचे काय करायचे ते कार्यकारिणी ठरवील.

आमच्या गॅरेजवाल्यांना मी विचारून ठेवले आहे. येत्या रविवारी सकाळी ७ वाजता, ऊन चढायच्या आत, ते मंडळाच्या पटांगणावर यायला तयार आहेत. प्रत्येकीने स्वतः एक नट सोडायचा, जॅक लावायचा, चाक काढून परत बसवायचे. ज्यांच्या गाडीत स्टेपनी नाही त्यांनी त्या पंक्चरच्या साहित्याची डबी घेऊन यावे, ती वाचून दाखवतील. गाडीचे माहितीपुस्तक आणा. सुनांना आणि मुलींना आणा, जावयांना आणले तरी चालेल. लुगडे नेसून जॅकशी वाकता येत नाही हे मी अनुभवाने सांगते, तेव्हा त्या बेताने कपडे करून या. चहापोह्यांची व्यवस्था माझ्याकडे. नावे चिटणीसबाईंकडे आजच द्यावीत, म्हणजे पोह्यांचा अंदाज येईल.